चतुराचे पंख आणि सराफ्यातला काटा

अनंत चतुर्दशीच्या झांक्या आटोपल्या आणि पाऊस जरा दम खायला लागला, की इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या गच्चीवर संध्याकाळी चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, येतात. एकदोन असते तर कोणी लक्षही दिलं नसतं. शेकडो येतात. डोक्याच्या वर हातभर उंचीपासून समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नुसती ये-जा चालू असते, आणि कोणी कोणाला धडकत नाही. परवा भाची दोऱ्याचं रीळ घेऊन वर आली. "मामा, एक हेलिकॉप्टर पकडून दे ना, शेपटीला दोरा बांधायचाय." मी नाही म्हटलं. मग तिने दुसरा प्रश्न टाकला, आणि तो जास्त अवघड निघाला: "ते पंख हलवतच नाहीयेत. पडत का नाहीत?"

शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे लगेच सांगता यायला हवं होतं. आलं नाही.

इंदूरकरांनी हा प्रश्न विचारायला तसं निमित्तही आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसर कराराखाली 'पाणथळ शहर' म्हणून मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. तेव्हापासून रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन दुर्बिणी घेऊन सिरपूरला जाणारे वाढले. सगळे पक्षी बघतात. पण दुर्बीण न लावता, काठावर उकिडवं बसून जे दिसतं ते चतुर, आणि उडण्याचं शास्त्र समजून घ्यायला मला तरी ते बगळ्यापेक्षा सोयीचे वाटतात. एकाच तलावावर चार आकाराचे चतुर चार तऱ्हांनी उडताना सापडतात.

चतुर कोण, टाचणी कोण

काठावर बसून पंख विमानासारखे आडवे पसरतो तो चतुर. बहुतेक वेळा पंख मिटून पाठीवर धरते ती बारीक, सुईसारखी टाचणी. दोघे एकाच मोठ्या गटातले, जगभरात मिळून सहा हजारांहून अधिक जाती. दोघांचं बालपण पाण्यात जातं, दोघांना चार पंख.

फरक पंखाच्या बुडात आहे. टाचणीचे चारही पंख जवळपास सारखे, आणि शरीराला जोडतात तिथे देठासारखे निमुळते. चतुराचा पुढचा पंख अरुंद, मागचा मात्र बुडाशी रुंद. शास्त्रज्ञांनी चतुरांच्या गटाला ग्रीक शब्दांवरून दिलेल्या नावाचा अर्थच 'असमान पंखांचे' असा आहे. हे रुंद बूड कशासाठी, एवढंच खरं तर या लेखात सांगायचं आहे. पण त्याआधी वजनाचा हिशोब.

लाडू दुप्पट केला तर

समजा बेसनाच्या लाडवाला चांदीचा वर्ख लावायचा आहे. आता लाडवाची रुंदी दुप्पट करा. वर्ख किती लागेल? चौपट. आणि बेसन? आठपट. ज्याने कधी मोठा लाडू वळला असेल त्याला हे हाताने माहीत असतं: बाहेरचा पृष्ठभाग वाढतो त्याहून वजन जास्त वेगाने वाढतं.

उडणाऱ्या किड्याचं तेच. पंख म्हणजे वर्ख, शरीर म्हणजे बेसन. जसाच्या तसा, त्याच प्रमाणात किडा दुप्पट लांब केला तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होईल आणि वजन आठपट. म्हणजे पंखाच्या दर चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ओझं. या ओझ्याला 'पंखभार' म्हणतात. लेखात हा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवा, बाकी नावं येतील तशी जातील.

पंखभार जास्त, तर हवेत टिकायला जास्त वेग लागतो. दुप्पट पंखभाराला सुमारे १.४ पट. म्हणून मोठं विमान लांब धावपट्टी मागतं आणि कागदाचं विमान हाताने फेकलं तरी तरंगतं.

मला आकड्याशिवाय चैन पडत नाही. गच्चीवर सकाळी ताजा मेलेला एक चतुर मिळाला, पिवळसर अंगाचा, तो काड्यापेटीत घालून सराफ्यात एका मित्राच्या पेढीवर नेला. (इथला सराफा रात्री खाऊगल्ली होतो; मी गेलो तो दिवसाच्या सोन्याच्या बाजारात.) सोन्याच्या काट्यावर पूर्ण चतुर: ०.२८ ग्रॅम. मग पंख चिमट्याने काढून एक ठेवला: ०.००. चारही ठेवले, तेव्हा आकडा ०.०० आणि ०.०१ यांच्यात लुकलुकत राहिला. मित्र म्हणाला, "याची घडणावळ काय घेऊ?"

घरी येऊन ते चार पंख आलेखाच्या कागदावर ठेवले आणि चौकोन मोजले. साधारण १५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाव ग्रॅमच्या जरा वर असलेल्या शरीराला एवढं क्षेत्रफळ. याच हिशोबाने ६० किलोच्या माणसाला पंख लावायचे तर ते सव्वातीनशे चौरस मीटर भरतील, जवळपास साडेतीन हजार चौरस फुटांचा प्लॉट. इंदुरात आजच्या भावाने तेवढी जागा घेण्यापेक्षा पायी चाललेलं बरं.

बिजागर आणि कडी

आता रुंद बुडाकडे.

दार उघडताना आपण कडीच्या बाजूने ढकलतो. बिजागराजवळ ढकलून पाहा, दार हलता हलत नाही. आणि दार गदागदा हलवलं तर वारा कुठे लागतो? कडीकडे. बिजागराजवळची फळी जवळपास जागेवरच असते.

फडफडणारा पंख म्हणजे असंच दार. खांद्याशी बिजागर, टोकाशी कडी. टोक हवेतून जोरात जातं आणि उचल देतं. बुडाकडचा भाग जेमतेम सरकतो, त्याच्याकडून फार काम होत नाही. मग जो किडा जवळपास सगळा वेळ पंख मारूनच उडतो, त्याने बुडाशी पंख रुंद ठेवून काय मिळवायचं? नुसतं ओझं. टाचणीचे देठासारखे पंख याच हिशोबाचे आहेत. ती लव्हाळ्यात, गवताच्या पात्यांमधून, हळूहळू वाट काढते. तिला टोकाशी काम करणारा, मुळाशी मोकळा पंख पुरतो.

पण पंख न हलवता तरंगायचं ठरवलं, की चित्र पालटतं. आता दार हलत नाही, अख्खं दारच पुढे चाललं आहे. बुडाचा तुकडा असो की टोकाचा, दोघांवरून हवा सारख्याच वेगाने वाहते. फडफडताना आळशी असलेला तो बुडाजवळचा भाग आता टोकाच्या बरोबरीने उचल देतो. रुंद बूड म्हणजे तरंगण्याच्या वेळी उपयोगी पडणारं जास्तीचं क्षेत्रफळ, पंखाची लांबी न वाढवता मिळवलेलं.

गच्चीवरच्या चतुराचं नेमकं हेच आहे. त्याचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. मी मोजला त्याचा पुढचा पंख सर्वांत रुंद जागी जेमतेम एक सेंटिमीटर होता, मागचा बुडाशी जवळपास दीड. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या सेंटिमीटरात आहे: अंग हलकं, मागचा पंख बुडाशी पसरट, म्हणून पंखभार कमी. आणि पंखभार कमी म्हणून संध्याकाळच्या मंद वाऱ्यावरही दोन फडफडींच्या मध्ये तो खुशाल तरंगतो.

मग सगळ्यांनीच रुंद पंख का नाही घेतले?

हा रास्त आक्षेप. रुंद पंख फुकट मिळत नाही. वाऱ्याचा झोत आला की तो जास्त हलतो, वळताना जास्त हवा बाजूला सारावी लागते. शिवाय प्रत्येक पंखाच्या टोकाशी खालची दाबातली हवा कडेवरून वर निसटते, परातीतलं पाणी चालताना काठावरून सांडावं तशी. लांब, अरुंद पंखात पूर्ण पंखाच्या मानाने ही सांडलवंड कमी. आखूड आणि रुंद पंखात जास्त.

सिरपूरच्या काठावर तासभर बसा. काडीच्या टोकावर लालबुंद क्रोकोथेमिस बसलेला असतो. झटक्यात उठतो, माशी पकडतो, त्याच काडीवर परत. शेजारी हिरवा-काळा, कंबर बारीक असलेला ऑर्थेट्रम सबिना, तोही बसूनच वाट पाहणारा, आणि दुसरे चतुरही खाणारा. या मंडळींना तरंगायचं नसतं. यांना हवा असतो एका सेकंदात जोर, म्हणजे अंगात उडण्याचे भरपूर स्नायू आणि पटकन वळणारा पंख. मोकळ्या पाण्यावर मात्र ॲनॅक्स फेऱ्या मारतो, बोटभर लांब, निळा-हिरवा, खाली बसण्याचं नाव नाही. अंगाने जड, म्हणून त्याचा वेगही जास्त, लाडवाच्या हिशोबाप्रमाणे.

आणि गवतावर एखादा पिवळ्या-काळ्या पंखांचा किडा फुलपाखरासारखा डुलत जाताना दिसला, तर तो बहुधा ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटा. त्याचे मागचे पंख इतके पसरट, की पहिल्यांदा मी त्याला चतुर मानायलाच तयार नव्हतो.

या सगळ्यांत 'चांगला' पंख कोणता, असं विचारणं म्हणजे सांडशी चांगली की पळी, असं विचारणं.

अगदी बारक्या टाचण्यांचं गणित तर आणखी वेगळं. जसजसा किडा लहान, तसतशी त्याला हवा चिकट जाणवते. आपल्याला पाण्यात हात फिरवायला जितकं सोपं, तितकंच जलेबीच्या पाकात अवघड. बोटाच्या पेराएवढे पंख असलेल्या टाचणीला हवा थोडी पाकाकडे झुकलेली असते. पाकात तरंगत पुढे जाता येत नाही, सतत हात मारावे लागतात.

इतका पातळ पंख फाटत कसा नाही?

फाटतो. माझ्याकडच्या चतुराच्या मागच्या पंखाची कड दोन ठिकाणी कुरतडल्यासारखी होती, तरी तो आदल्या संध्याकाळपर्यंत उडत असणार. मागच्या पंखाचा मोठा तुकडा गेला तर वर झेपावण्याची ताकद आणि शिकारीतलं यश दोन्ही घटतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण बारीक फाटण्याने काम थांबत नाही, कारण शिरांची जाळी चीर पुढे जाऊ देत नाही.

पंख भिंगाखाली धरून तिरका केला, तेव्हा मला खरं आश्चर्य वाटलं. मी तो सपाट समजत होतो. प्रत्यक्षात लांबीच्या दिशेने त्याला घड्या आहेत, साडीच्या निऱ्यांसारख्या, वर-खाली, वर-खाली. घरावरचा नालीदार पत्रा घडीमुळेच वाकत नाही, तोच कागदाएवढा सपाट असता तर आपल्याच वजनाने लवला असता. शिवाय तरंगताना या घड्यांच्या खोबणीत हवेचे छोटे भोवरे अडकून बसतात आणि वरून वाहणाऱ्या हवेला तो पंख जवळजवळ गुळगुळीत असल्यासारखा लागतो.

टोकाजवळ पुढच्या कडेवर एक लहानसा गडद ठिपका असतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, ती नक्षी. तो वजनाचा तुकडा आहे. बाणाचं टोक जड असतं म्हणून बाण सरळ जातो, पिसांची बाजू पुढे येत नाही. तसंच पंखाची पुढची कड जरा जड ठेवली, की वेगात पंख झेंड्यासारखा फुरफुरत नाही. १९७२ मध्ये आके नॉरबर्ग या संशोधकाने दाखवलं, की शरीराच्या वजनाच्या हजारातला एक भाग किंवा त्याहूनही हलका असलेला हा ठिपका एका जातीत तरंगण्याची वेगमर्यादा १० ते २५ टक्क्यांनी वाढवतो. विमानांच्या हलत्या पट्ट्यांवरही हीच युक्ती वापरतात, पुढे थोडं वजन. वजन घालून उड्डाण सुधारणं, ही गोष्ट वर्गात सांगितली असती तर पोरांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

जागच्या जागी थांबतो, मग हेलिकॉप्टरच की

दिसायला तसं, आत नाही. हेलिकॉप्टरचं पातं एकाच दिशेने गोल फिरतं. चतुराचा पंख पुढे-मागे जातो आणि प्रत्येक फेरीला मनगटासारखा पालथा-उताणा होतो.

शिवाय त्याचे चारही पंख स्वतंत्रपणे चालतात. माशी-मधमाशीचे उडण्याचे मुख्य स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. ते छातीचा डबा दाबतात-सोडतात आणि पंख आपोआप हलतात. चतुराचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी. चार वल्ही, चार हात. झेप घ्यायची असेल तेव्हा पुढची-मागची जोडी एकदम मारतो, जोर जास्त पण खर्चही जास्त. जागेवर थांबायचं असेल तेव्हा जोड्या आलटून-पालटून. २००८ मध्ये एका यांत्रिक नमुन्यावर केलेल्या मोजणीत दिसलं, की दोन जोड्यांच्या फडफडीतलं वेळेचं अंतर नीट साधलं तर मागची जोडी पुढच्या जोडीने घुसळलेल्या हवेतून काही शक्ती परत मिळवते आणि खर्च २२ टक्क्यांपर्यंत वाचतो.

मोठा चतुर सेकंदाला साधारण ३० ते ४० वेळा पंख मारतो, डास ४०० च्या वर. डास कानाशी गुणगुणतो आणि चतुर नुसता सळसळतो, त्याचं कारण हेच. मोठा पंख, संथ ताल.

पण हातभर लांब चतुर होते म्हणतात ना?

होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या मेगान्यूराच्या पंखांचा पसारा ६५ सेंटिमीटरच्या घरात. ते आजच्या चतुरांचे थेट पूर्वज नव्हेत, दूरचे भाऊबंद. मग लाडवाचा नियम त्यांना का लागू नव्हता? लागू होताच. नियम 'मोठा होऊ नकोस' असं सांगत नाही, 'मोठा झालास तर किंमत मोज' असं सांगतो.

त्या काळी हवेत प्राणवायू ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असावा असा अंदाज आहे, आज २१ आहे. किड्यांना फुप्फुसं नसतात. अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून हवा आत जाते, आणि शरीर जाड झालं की आतपर्यंत पुरेसा प्राणवायू पोचवणं कठीण. हवाच दाट प्राणवायूची असेल तर ही अडचण सैल होते.

इथे बरेच लोक थांबतात. मला ते अपुरं वाटतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा हजारांहून अधिक जीवाश्म पंखांची लांबी मोजली होती. सुरुवातीची कोट्यवधी वर्षं किड्यांचा कमाल आकार प्राणवायूबरोबर वर-खाली होत राहिला. पण सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपासून प्राणवायू वाढला तरी किडे वाढेनात. तो काळ पक्षी आकाशात येण्याचा. चपळ शिकारी मागे लागल्यावर अजस्र आणि संथ वळणारं शरीर ही चैन परवडेना, असा त्याचा अर्थ लावतात. आज जिवंत असलेल्या चतुर-टाचण्यांत सर्वांत मोठा पसारा मध्य अमेरिकेतल्या एका टाचणीचा, १९ सेंटिमीटरपर्यंत.

खाली उडाले की पाऊस येतो?

आई अजूनही गच्चीवरचे चतुर बघून वाळवण आत घ्यायला सांगते. चतुर जातो त्याच्या जेवणामागे. चिलटं खाली असली तर तो खाली. त्यावरून संध्याकाळच्या पावसाचं भाकीत मी तरी करणार नाही.

पण आईच्या म्हणण्यात एक मोठं खरं लपलेलं आहे. गच्चीवरचा तो पँटाला पावसाळी वाऱ्यांसोबत प्रवास करतो आणि पावसाने साचलेल्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. डबकं सुकायच्या आत पिलू मोठं व्हावं म्हणून त्याचं बालपण दोनेक महिन्यांत, कधी त्याहून लवकर उरकतं. म्हणजे पाऊस आणि चतुर एकाच गाडीचे प्रवासी.

ती गाडी कुठवर जाते, हे मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्या बेटांवर पृष्ठभागावर गोडं पाणी जवळपास नाहीच, तरी दर ऑक्टोबरात चतुरांचे थवे उतरतात. २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की हे भारतातून निघून उंचावरच्या वाऱ्यावर हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. चार पिढ्यांत मिळून जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर. पुढे पंखांच्या रासायनिक तपासणीने त्याला दुजोरा दिला. पंख एकदा बनला की बदलत नाही, त्यात पिलू ज्या पाण्यात वाढलं त्या पाण्याची खूण कायमची राहते. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतली खूण उत्तर भारत किंवा त्याहून उत्तरेकडची निघाली.

समुद्रावर बसायला काडी नसते. तिथे सतत पंख मारत गेलं तर अंगातली चरबी केव्हाच संपेल. तो बुडाशी रुंद पंख तिथे कामाला येतो.

भाचीला यातलं निम्मं सांगून झालं होतं, तरी दोऱ्याचं रीळ तिच्या हातातच होतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुन्हा सराफ्यात गेलो आणि हातभर दोरा तोडून काट्यावर ठेवायला लावला. आकडा ०.०२ वर जाऊन थांबला. मग तिने स्वतःच काड्यापेटीतले चार पंख शेजारी ठेवून पाहिले, दोनदा. घरी येताना रीळ माझ्या खिशात घातलं आणि विचारलं, "मामा, मग उद्या सिरपूरला किती वाजता जायचं?"